पुराणकथा कानांनी ऐकताना: चार इंग्रजी पॉडकास्टांचे परीक्षण

पुराणकथा आणि लोककथा नव्याने सांगणाऱ्या पॉडकास्टांची आणि ऑडिओ नाट्यांची संख्या गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढली आहे. त्यांच्याविषयी लिहिताना मात्र आवाज छान आहे, पार्श्वसंगीत उत्तम आहे, मुलांना आवडेल, अशा दोन-चार वाक्यांवर बोळवण केली जाते. मूळ कथेतले काय टिकले, काय गळाले आणि जे नव्याने घातले त्याने कथेला बळ आले की तिची नुसती लांबी वाढली, हे क्वचितच कोणी विचारते. या परीक्षणासाठी चार इंग्रजी मालिका निवडल्या आहेत: ‘लाइव्ह फ्रॉम माउंट ऑलिंपस’, ‘मिथ्स अँड लेजंड्स’, ‘लेट्स टॉक अबाउट मिथ्स, बेबी!’ आणि ‘लोर’. पहिली मालिका म्हणजे पूर्ण नटसंचाने सादर केलेले नाट्य आहे, दुसरीत एकच निवेदक गोष्ट सांगतो, तिसरीत गोष्टीबरोबर तिची चिकित्साही होते आणि चौथी लोकसमजुतींच्या मागे घडलेल्या खऱ्या घटनांचा माग काढते. प्रकृती इतक्या वेगळ्या असल्यामुळे त्यांना एका मापाने मोजणे कठीण आहे. तरीही एक कसोटी चौघींनाही लावता येते, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे: ऐकणाऱ्याला काहीही दिसत नाही, ही गोष्ट मालिका अडचण म्हणून सोसते की सामर्थ्य म्हणून वापरते?

ही कसोटी बाहेरून आणून लादलेली नाही, ती पुराणकथांमध्येच आहे. न पाहण्याच्या अटीवर उभ्या असलेल्या कथा जगभर आढळतात. ग्रीक-रोमन कथेतल्या सायकी या तरुणीला नवऱ्याचा चेहरा पाहायची मनाई असते. तो रात्री अंधारात येतो आणि ती त्याला केवळ आवाजाने ओळखते. केसांच्या जागी साप असलेल्या मेडुसाकडे सरळ पाहणारा दगड होतो, म्हणून तिला मारायला निघालेला ग्रीक वीर पर्सियस ढालीतल्या प्रतिबिंबावर भिस्त ठेवतो. महाभारतातले युद्ध धृतराष्ट्राला संजयाच्या तोंडून कळते. अठरा दिवसांचा तो संहार आंधळ्या राजाने ऐकलेला आहे, आणि आपल्यापर्यंतही तो ऐकलेल्या रूपातच पोहोचला आहे. ग्रीक कथेतला गायक ऑर्फियस पाताळातून पत्नी युरिडिसीला परत आणतो तेव्हा वाटेत मागे वळून पाहायचे नाही एवढीच अट असते. रोमन कवी ओव्हिडने त्या चढणीचे जे वर्णन केले आहे ते ऑडिओ नाट्य करणाऱ्या प्रत्येकाने जवळ बाळगावे असे आहे. वाट उभ्या चढाची, काळोखी, दाट धुक्याने भरलेली आणि पूर्ण नि:शब्द आहे. सापाच्या दंशाने जखमी झालेली युरिडिसी पाताळात लंगडत चालते हे ओव्हिडने आधीच सांगून ठेवलेले असते. परतीच्या वाटेवर मात्र तो तिच्या पावलांचा आवाजसुद्धा देत नाही. ती मागे राहिली तर नाही ना, या भीतीने ऑर्फियस वळतो, आणि ती भीती त्या शांततेतूनच येते. हा प्रसंग श्राव्य रूपात करताना तिथे भावव्याकूळ व्हायोलिन लावले, तर ऑर्फियस का वळला याचे कारणच पुसले जाते.

माध्यमाच्या आरंभीच हे कोणाच्या तरी लक्षात आले होते. बीबीसीने १५ जानेवारी १९२४ रोजी रिचर्ड ह्यूज यांची ‘डेंजर’ ही श्रुतिका प्रसारित केली. खास रेडिओसाठी लिहिलेल्या पहिल्या नाटकांत तिची गणना होते. तिचे कथानक कोळशाच्या खाणीत घडते आणि आरंभीच दिवे जातात. पात्रांना दिसत नाही, श्रोत्यालाही दिसत नाही, त्यामुळे दोघेही एकाच अंधारात उभे राहतात. चारही मालिका ऐकताना हा शंभर वर्षांपूर्वीचा निर्णय मला वारंवार आठवत राहिला.

‘लाइव्ह फ्रॉम माउंट ऑलिंपस’ २०२१ मध्ये सुरू झाली. ओनासिस फाउंडेशन आणि न्यूयॉर्कची ‘द टीम’ ही नाट्यसंस्था यांनी ती मिळून घडवली, आणि पीआरएक्स या अमेरिकी संस्थेमार्फत ती श्रोत्यांपर्यंत पोहोचली. बालपण आणि तारुण्य यांच्या मधल्या वयाची मुले हा तिचा मुख्य श्रोतृवर्ग आहे. पहिल्या पर्वात पर्सियसची कथा येते आणि ती हर्मीज हा देवांचा निरोप्या सांगतो. या भूमिकेला आवाज आंद्रे डी शील्ड्स यांचा आहे. न्यूयॉर्कमधल्या ब्रॉडवेच्या रंगभूमीवरही त्यांनी हर्मीज साकारला होता आणि त्या कामासाठी त्यांना २०१९ मध्ये टोनी हा अमेरिकी नाट्यपुरस्कार मिळाला होता. त्यांचा आवाज खोल आणि संथ आहे. प्रत्येक शब्दाला पुरेशी जागा देत ते बोलतात, आणि मुलांशी बोलताना आवाज लाडिक करण्याचा जो मोह भल्याभल्यांना होतो तो त्यांना शिवत नाही.

निवेदक म्हणून हर्मीजची निवड हे या मालिकेचे सर्वांत मोठे शहाणपण आहे. पर्सियसच्या कथेत हर्मीज तटस्थ साक्षीदार नसतो, तो नायकाला प्रत्यक्ष मदत करतो. पाताळाच्या राजाने पळवलेल्या पर्सेफनीच्या कथेत तिला पाताळातून परत आणायला त्यालाच पाठवले जाते. जो स्वतः त्या घटनांत वावरला त्याच्याच तोंडी कथा असल्यामुळे निवेदन आणि नाट्य यांच्यातला सांधा जाणवत नाही. एरवी नटसंच असलेल्या अनेक ऑडिओ नाट्यांत निवेदक मध्येच येऊन स्थळ, काळ आणि वेशभूषा सांगतो व निघून जातो, आणि तेवढा वेळ कथा थांबून राहते. इथे तसे होत नाही.

पर्सियसची कथा श्राव्य रूपाला किती अनुकूल आहे हे तिच्या आरंभावरूनच कळते. नातवाच्या हातून मरण येईल अशी भविष्यवाणी झाल्यामुळे अक्रिसियस राजा आपली मुलगी दनाई आणि तिचे तान्हे मूल पर्सियस यांना पेटीत बंद करून समुद्रात सोडतो. पेटीच्या आत पाहण्यासारखे काहीच नसते; असतो तो लाटांचा आदळणारा आवाज, वारा आणि झोपलेल्या बाळाचा श्वास. प्राचीन ग्रीक कवी सिमोनिडीज याने नेमका हाच क्षण पकडला आहे. त्याची दनाई बाळाला झोप म्हणते, समुद्राला झोप म्हणते आणि आपल्या अपार दुःखालाही झोप म्हणते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या ओळींत ध्वनीची संपूर्ण संहिता तयार आहे. पुढे तीन म्हाताऱ्या बहिणी भेटतात. तिघींत मिळून एकच डोळा असतो आणि तो त्या एकमेकींच्या हाती देत असतात. पर्सियस तो मधल्या मध्ये पळवतो. तीन आवाज आणि एक गोंधळ, एवढ्यावर हा प्रसंग उभा राहतो. पडद्यावर तोच प्रसंग रंगभूषेच्या ओझ्याखाली दबून जातो. शेवटी मेडुसा येते, आणि तिथे श्रोत्याची स्थिती नायकाच्या स्थितीशी जुळते: दोघांनीही तिच्याकडे पाहायचे नसते. चित्रपटाला मेडुसाचा चेहरा दाखवावाच लागतो, आणि दाखवूनही कोणी दगड होत नाही हे प्रेक्षकाला कळते, तिथेच त्याची भीती संपते. ऑडिओला हा तोटा मुळातच नाही.

या मालिकेबद्दलची माझी तक्रार ध्वनीच्या गर्दीची आहे. मुलांचे लक्ष उडेल या काळजीने संवाद, संगीत आणि ध्वनिपरिणाम एकमेकांना चिकटून येतात, आणि जिथे क्षणभर काहीच ऐकू आले नसते तर बरे झाले असते तिथेही काहीतरी वाजत राहते. लहान श्रोत्यांना शांतता पेलत नाही हा समज मला मान्य नाही. गोष्ट रंगात आली असताना सांगणारा थांबला की मुले श्वास रोखून बसतात. तरीही नाट्य म्हणून ही मालिका या चौघींत सर्वांत पक्की आहे. दिग्दर्शकांमध्ये ‘द टीम’च्या रेचेल चाव्किन यांचा समावेश असल्यामुळे रंगभूमीची शिस्त ठायी ठायी जाणवते: पात्र कुठून बोलते आहे, जवळ आहे की दूर, हे न सांगता कळते.

पुढे एका पर्वात पर्सेफनीची कथा येते. तिच्या मूळ ग्रीक स्तोत्रातला एक तपशील इथे नोंदवावासा वाटतो. पाताळाचा राजा पर्सेफनीला पळवून नेतो तेव्हा गुहेत बसलेल्या हेकटी या देवीला तिची किंकाळी ऐकू येते, पण तिला कोणी पळवले हे दिसत नाही. आई डिमीटरलाही प्रतिध्वनी म्हणून घुमणारा आवाजच ऐकू येतो. नऊ दिवस ती केवळ त्या आवाजाच्या आधाराने हातात मशाली घेऊन पृथ्वीभर भटकते, आणि ज्याने सारे पाहिले तो सूर्य तिला शेवटी भेटतो. ऐकलेले आणि पाहिलेले यांच्यातले अंतर हाच त्या स्तोत्राचा कणा आहे. म्हणूनच मूळ स्तोत्राचे भाषांतर मिळवून आधी वाचावे आणि मग हे पर्व ऐकावे, असे मी मोठ्या श्रोत्यांना आवर्जून सुचवेन.

‘मिथ्स अँड लेजंड्स’ची रीत अगदी निराळी आहे. जेसन वायझर २०१५ पासून ती सादर करत आहेत. नटसंच नाही, मोठे ध्वनिसंयोजन नाही; एक माणूस आजच्या बोलीत गोष्ट सांगतो, पात्रांना आजच्यासारखे बोलायला लावतो, मधूनच थांबून ‘इथे मूळ कथेत असेच आहे’ अशी ग्वाही देतो आणि भागाच्या शेवटी कुठल्या तरी लोककथेतल्या एका विचित्र प्राण्याची ओळख करून देतो. आर्थर राजापासून उत्तरेकडच्या देवांपर्यंत आणि ग्रिम बंधूंच्या संग्रहापासून पूर्वेकडच्या कथांपर्यंत तिचा आवाका आहे. एका भागात काय ऐकायला मिळेल याचा अंदाज नसणे हा तिचा मोठा आनंद आहे.

पात्रांच्या तोंडी आजची भाषा घालणे अनेकांना खटकते. मला तो आक्षेप पटत नाही, कारण लोककथा कधीच एका भाषेत गोठलेली नव्हती. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीचा जीव घ्यायला निघालेली राणी तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र आई झाली. अल्लाउद्दीनची गोष्ट ‘अरेबियन नाइट्स’च्या जुन्या अरबी हस्तलिखितांत नव्हती. अलेप्पोहून आलेल्या हन्ना दियाब या तरुणाने ती १७०९ मध्ये पॅरिसमध्ये आंत्वान गालाँ यांना तोंडी सांगितली आणि त्यांनी ती आपल्या फ्रेंच भाषांतरात घातली. ज्या कथेला आपण ‘मूळ’ म्हणून कवटाळतो ती बहुतेक वेळा कोणी तरी कोणाला तरी सांगताना बदललेली असते. वायझर हे जाणतात, आणि म्हणूनच लोकप्रिय चित्रपटांनी गुळगुळीत केलेल्या कथांच्या जुन्या, खडबडीत रूपांकडे ते श्रोत्याला पुन्हा पुन्हा घेऊन जातात. हे काम मोलाचे आहे.

त्यांची उणीव वेगळ्या ठिकाणी आहे. कथेतल्या विसंगतीवर ते चटकन मल्लिनाथी करतात. नायक मूर्खपणे वागला, राजाचा हुकूम अतर्क्य होता, कोणाला काहीच कसे सुचले नाही, असे शेरे सुरुवातीला हसवतात. परंतु सलग काही भाग ऐकले की सर्वच कथांवर एकाच स्वभावाचा रंग चढू लागतो. लोककथेतला अतर्क्य हुकूम हा पुष्कळदा तिचा गाभा असतो. तो का पाळायचा हे सांगितलेले नसते, आणि न सांगितल्यामुळेच तो मोडला जाण्याची धास्ती वाटते. त्यावर लगेच भाष्य आले की धास्ती विरते. रोजच्या प्रवासात ऐकायला ही मालिका उत्तम आहे, कारण एखादे वाक्य निसटले तरी धागा तुटत नाही. एखादी कथा मनात खोल उतरावी अशी इच्छा असेल तर मात्र तिच्यानंतर मूळ संग्रह उघडावा लागेल.

‘लेट्स टॉक अबाउट मिथ्स, बेबी!’ ही कॅनडाच्या लिव्ह अल्बर्ट यांची मालिका २०१७ पासून चालू आहे. तिचे क्षेत्र ग्रीक आणि रोमन पुराणकथांपुरते मर्यादित आहे, आणि त्या मर्यादेमुळेच तिला खोली आली आहे. अल्बर्ट यांची भूमिका उघडपणे स्त्रीवादी आहे. देवाने एखाद्या स्त्रीवर ‘मोहित होऊन तिला जिंकले’ असे जिथे शतकानुशतके सांगितले गेले, तिथे तो बलात्कार होता असे त्या स्पष्ट म्हणतात. काहींना हा सूर आग्रही वाटेल. मला तो आवश्यक वाटतो, कारण त्यासाठी त्या कथेवर काही लादत नाहीत, कथेवरचा सौम्य शब्दांचा पडदा दूर करतात.

या मालिकेचा खरा लाभ मेडुसाच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या काव्यात मेडुसा ही गॉर्गन नावाच्या तीन राक्षसी बहिणींपैकी एकटीच मर्त्य असते, आणि वसंतातल्या फुलांच्या मऊ कुरणात समुद्रदेव तिच्याजवळ येतो एवढेच येते. शिक्षेचा उल्लेख नाही. सुमारे सातशे वर्षांनंतर ओव्हिड सांगतो की ती सुंदर मुलगी होती, मिनर्व्हा देवीच्या मंदिरात समुद्रदेवाने तिच्यावर बलात्कार केला आणि देवीने तिचेच केस साप करून टाकले. आज समाजमाध्यमांवर फिरणारी अन्यायग्रस्त मेडुसा बहुतांशी ओव्हिडची आहे. कोणती गोष्ट कोणाची, हा भेद अल्बर्ट सोडत नाहीत. प्राचीन लेखकाचे नाव घेऊन आवृत्त्या वेगळ्या ठेवतात. पुराणकथा नव्याने रचू पाहणाऱ्याला याहून उपयुक्त शिकवणी मिळणे अवघड आहे. त्यांचे बोलणे मोकळे, भरधाव आणि उत्साहाने ओसंडणारे आहे. शिस्तबद्ध व्याख्यानाची सवय असलेल्या श्रोत्याला त्या वेगाशी जुळवून घ्यायला थोडा वेळ लागेल. लहान मुलांसमोर ही मालिका लावू नये.

‘लोर’ ही आरन मॅन्की यांची मालिका देखील २०१५ मधली. तिच्या पहिल्याच भागात मर्सी ब्राउनची हकिकत येते, आणि मला अजूनही तोच भाग या मालिकेचा सर्वोत्तम नमुना वाटतो. अमेरिकेतील ऱ्होड आयलंडच्या एक्झेटर गावात ब्राउन कुटुंबातली माणसे एकामागून एक क्षयाने गेली. मर्सी जानेवारी १८९२ मध्ये वारली, भाऊ एडविन अंथरुणाला खिळला, आणि मेलेल्यांपैकी कोणी तरी जिवंतांचे रक्त शोषत आहे अशी गावकऱ्यांची खात्री झाली. १७ मार्च १८९२ रोजी कुटुंबातले मृतदेह तपासले गेले. आई आणि थोरली बहीण यांचे सांगाडेच उरले होते, पण थंडीच्या दिवसांत ठेवलेला मर्सीचा देह फारसा कुजला नव्हता आणि तिच्या हृदयात रक्त सापडले. ते हृदय जाळून त्याची राख औषध म्हणून एडविनला पाजण्यात आली. तरीही दोन महिन्यांच्या आत तो गेला. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले ते १८८२ मध्ये, म्हणजे या घटनेच्या दहा वर्षे आधी.

मॅन्की हे सारे पियानोच्या मंद सुरांवर, छोट्या वाक्यांत, आवाज न चढवता सांगतात. कुठेही किंकाळी नाही, कुदळीचा आवाज नाही, दार करकरत नाही. या संयमामुळे भीतीची जागा हळूहळू करुणा घेते: ही माणसे क्रूर नव्हती, मुलगा वाचावा म्हणून हाती लागेल ते करत होती. २०१७ मध्ये या मालिकेचे दूरचित्रवाणी रूपांतर आले. त्यात प्रसंग दाखवले गेले, आणि माझ्या दृष्टीने तिथेच बळ कमी झाले, कारण जो मृतदेह श्रोत्याने स्वतःच्या मनात उभा केला होता त्याची जागा एका नटीने घेतली. या मालिकेची मर्यादा तिच्या विरामांत आहे. प्रत्येक महत्त्वाच्या वाक्यापूर्वी येणारा ठरावीक थांबा काही भागांनंतर आधीच ओळखता येतो, आणि मग आशयापेक्षा लकब पुढे येते. ज्या भागांत एकच घटना धरून ठेवली आहे ते ऐकावेत. अनेक गावांतल्या अनेक दंतकथा एकत्र गुंफणारे भाग तुलनेने विस्कळीत वाटतात.

जाहिरातींचा प्रश्न या सगळ्या प्रकाराला लागू होतो. कथा ऐन टोकाला आली असताना त्याच निवेदकाने त्याच आवाजात एखाद्या वस्तूची शिफारस सुरू केली, तर त्याने मेहनतीने उभा केलेला अंधार एका क्षणात उजळून जातो. भागाच्या आरंभी किंवा अखेरीस जाहिरात असेल तर माझी काही हरकत नाही. पैसे भरून जाहिरातमुक्त भाग ऐकण्याची सोय जिथे असेल, तिथे पुराणकथांच्या श्रोत्याने ती घेण्याचा विचार जरूर करावा. इतर विषयांच्या गप्पांना मधला खंड फारसा बाधत नाही, कथेला बाधतो.

दुसरी अडचण नावांची आहे. ग्रीक किंवा उत्तर युरोपीय कथांत एकाच कुळातली, सारख्या उच्चारांची नावे भराभर येतात, आणि छापील पानावर मागे जाता येते तसे ऐकताना जाता येत नाही. नटसंच असलेल्या नाट्यात आवाजावरून पात्र ओळखता येते, म्हणून ‘लाइव्ह फ्रॉम माउंट ऑलिंपस’मध्ये हा त्रास जवळजवळ होत नाही. एकट्या निवेदकाच्या मालिकांसाठी भाग सुरू करण्यापूर्वी त्या कथेची वंशावळ किंवा पात्रांची यादी एकदा डोळ्यांखालून घालावी. हेडफोनविषयीही असाच फरक आहे: नाट्य हेडफोन लावूनच ऐकावे, कारण आवाज डावीकडून येतो की उजवीकडून यात अर्थ असतो; निवेदनाला साधा स्पीकर पुरतो, आणि चार जणांनी मिळून ऐकायचे असेल तर तोच बरा.

प्रथमच या वाटेला जाणाऱ्याने ‘लोर’चा मर्सी ब्राउनचा भाग आधी ऐकावा, कारण तो स्वयंपूर्ण आहे आणि त्यासाठी कोणतीही पूर्वतयारी लागत नाही. घरात दहा-बारा वर्षांचे मूल असेल तर पर्सियसचे पर्व त्याच्याबरोबर क्रमाने ऐकावे आणि एका बैठकीत एकच भाग ठेवावा. ज्याला स्वतः अशी श्राव्यनाट्ये लिहायची आहेत त्याने अल्बर्ट यांचे मेडुसाविषयीचे विवेचन ऐकून हेसिअड आणि ओव्हिड यांची भाषांतरे शेजारी ठेवावीत आणि संहिता लिहिताना कुठे काहीच वाजणार नाही, त्या जागा सर्वांत आधी ठरवाव्यात.